दोन वाहिन्या, एक रस्ता

पोशेऱ्यात पावसाच्या तोंडावर दोन कामं उरकायची असतात. घर शाकारायचं आणि माळ्यावरचं बियाणं खाली काढून त्याला कीड तर लागली नाही ना, हे बघायचं. यंदा मी तिसरं काम अंगावर घेतलं: घरात सर्व्हर मांडायचा. यंत्र एकच, त्यात चार व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम. एक घरच्या फोटोंसाठी, एक सातबारा आणि वनहक्क दाव्याच्या कागदांच्या स्कॅन प्रतींसाठी, एक हिशेबाला आणि एक नुसतं शिकायला. एका वाड्यात चार बिऱ्हाडं राहावीत तसं. चुली वेगळ्या, कुलपं वेगळी, पण विहीर एकच. सर्व्हरमधली ही विहीर म्हणजे ड्राइव्ह. ती आटली की चारही घरं एकदम तहानलेली.

म्हणून ड्राइव्हची यादी करायला बसलो. पहिली ओळ सहज उतरली: ‘एकसारखे दोन ड्राइव्ह, एकमेकांचा आरसा. एक गेला तर दुसरा आहे.’ लिहिलं आणि हात थांबला. ‘एक गेला तर दुसरा आहे’ याच भरवशावर देशातल्या सर्वांत मोठ्या शेअर बाजाराचा माहितीचा साठा उभा होता. पोशेऱ्याहून रस्त्याने शंभराहून अधिक किलोमीटरवर, मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात. २४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. त्या दिवशी दुसरा होता, शाबूतही होता. तरी पहिला बसला.

यादी बाजूला सारली आणि त्या दिवसाचा घटनाक्रम मांडून बघितला.

फार आधी : मांडणी

राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, १९९२ साली स्थापन झाला आणि १९९४ मध्ये तिथे व्यवहार सुरू झाले. आरडाओरड करून सौदे करण्याची रीत मोडून पडद्यावर सौदे करायला त्याने देशाला शिकवलं. १९९५ मध्ये त्याने आपली समाशोधन संस्था काढली. तिचं काम समजून घेतल्याशिवाय हा दिवस समजत नाही. सौदा झाला की ही संस्था घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या मधे उभी राहते. उद्या एकाने हात वर केले तरी दुसऱ्याचे पैसे बुडू द्यायचे नाहीत, ही तिची हमी. अशी हमी देणारा तारण बघितल्याशिवाय उधारी वाढू देत नाही. कोणत्या दलालाचे किती सौदे उभे आहेत आणि त्यामागे त्याची किती रक्कम जमा आहे, याचा हिशेब दर क्षणाला करणारी यंत्रणा म्हणजे जोखीम व्यवस्थापन.

हा हिशेब जिथे लिहिला जातो तो साठा म्हणजे सॅन, स्टोरेज एरिया नेटवर्क. नाव जड आहे, गोष्ट साधी. प्रत्येक सर्व्हरच्या पोटात वेगळे ड्राइव्ह बसवण्याऐवजी एक मोठी कणगी भरायची आणि सगळ्या सर्व्हरनी तिच्यातूनच घ्यायचं, तिच्यातच टाकायचं. माझ्या चार बिऱ्हाडांच्या विहिरीचाच हा थोरला भाऊ.

एनएसईची मुख्य जागा वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत. जवळची पर्यायी जागा कुर्ल्यात. लांबची पर्यायी जागा चेन्नईत. तीन ठिकाणं का, याचं उत्तर प्रकाशाच्या वेगात आहे. काचेच्या तंतूतून प्रकाशाला एक किलोमीटर जायला साधारण पाच मायक्रोसेकंद लागतात. कुर्ला काही किलोमीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन वेळ नगण्य. त्यामुळे नोंद दोन्हीकडे एकदमच करता येते. इकडे लिहिलं, तिकडून ‘पोचलं’ असा निरोप आला, मगच नोंद पक्की. इकडची इमारत जळाली तरी एक आकडाही हरवत नाही. चेन्नई हजाराहून अधिक किलोमीटरवर. तिथला निरोप येईपर्यंत दहा मिलिसेकंदांच्या वर वेळ जातो. सेकंदाला हजारो नोंदी होणाऱ्या बाजारात प्रत्येक नोंदीला एवढं थांबणं परवडत नाही, म्हणून लांबची प्रत थोडी मागे चालते.

मेख इथेच आहे. काहीही हरवू द्यायचं नसेल तर दुसरी जागा जवळ हवी. आणि जागा जवळ असली की दोन्हींच्या मधला रस्ताही बहुधा तोच असतो.

सकाळी ९.०० : बंद पडायला २ तास ४० मिनिटे

बाजारपूर्व सत्र सुरू झालं. आदेश गोळा होतात, त्यांवरून उघडण्याचा भाव ठरतो. वार बुधवार. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी २५ तारखेला, वायदे आणि ऑप्शनचा महिन्याचा शेवटचा दिवस होता. महिनाभर उभे ठेवलेले सौदे मिटवायचे किंवा पुढे न्यायचे, ते आज-उद्यातच. बंद पडायला यंत्र नेहमी लग्नघराचा दिवस निवडतं, तसाच हा.

बीकेसी आणि कुर्ला यांच्यामधे दोन दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्या होत्या. एका कंपनीवर विसंबायचं नाही, हे सूत्र पाळलेलं होतं. कागदावर मोजलं तर सगळं दुहेरी.

सकाळी ९.१५ : २ तास २५ मिनिटे

बाजार उघडला. सौदे जुळवणारी यंत्रणा ठणठणीत होती, आणि ती दिवसभर तशीच राहिली. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या दिवशी बाजाराचं इंजिन बंद पडलेलं नव्हतं. सौदे होऊ शकत होते, फक्त त्यांची जोखीम मोजणारं कुणी राहिलं नाही.

बीकेसी आणि कुर्ला यांच्यातल्या रस्त्याकडेला खोदकाम आणि बांधकाम चालू होतं. मुंबईत त्यात नवल काही नाही. दुचाकीस्वार शिव्या देत वळसा घालतात, पादचारी फळ्यांवरून तोल सांभाळत जातात. फळीखाली काय पुरलेलं आहे, याचा विचार करायला सकाळी सव्वानऊला कोणाला सवड असते?

दहाच्या थोडे पुढे : सुमारे दीड तास

पडद्यावरचा निफ्टीचा आकडा हलायचा थांबला. एकेका शेअरचे भाव बदलत होते, सौदे होत होते, पण त्यांवरून निघणारा निर्देशांक जागीच गोठला. बँक निफ्टीचंही तेच. आधी लोकांनी आपापल्या मोबाइलला दोष दिला, मग इंटरनेटला, मग दलालाच्या ॲपला. दलालांकडे तक्रारींचा पाऊस पडला आणि त्यांनी ग्राहकांना कळवायला सुरुवात केली, की आकडा एनएसईकडूनच येत नाहीये.

नेमकं काय झालं याचा खुलासा एनएसईने पुढे केला. दोन्ही कंपन्यांच्या वाहिन्या अस्थिर झाल्या होत्या, आणि त्याचं मुख्य कारण दोन जागांमधल्या रस्त्याकडेचं खोदकाम-बांधकाम. कंपन्या दोन, बिलं दोन, करार दोन. पण जमिनीखाली दोघींचं नशीब एका कुदळीला बांधलेलं.

इथपर्यंत मुंबईचा नेहमीचा किस्सा आहे. खरी गोष्ट पुढची. कुर्ल्याचा संपर्क तुटला तर काय व्हायला हवं होतं? बीकेसीतल्या साठ्याने कुर्ल्याचा नाद सोडून एकट्याने काम चालू ठेवायला हवं होतं. एनएसईची मागणीही तशीच होती. प्रत्यक्षात वाहिन्या डळमळल्या आणि सॅन अनपेक्षित वागली. मुख्य साठाच सर्व्हरना दिसेनासा झाला. साठ्याची ही मांडणी ठरलेल्या अपेक्षेप्रमाणे नव्हती, असं नंतर एनएसईनेच सांगितलं.

पार तुटलेली तार ओळखायला सोपी असते. पलीकडून आवाज येत नाही, विषय संपला. मधेच लागणारी, मधेच जाणारी तार यंत्राला घोळात टाकते. पलीकडचा मेला की जिवंत आहे? त्याला सोडून पुढे गेलो आणि तोही स्वतःला मुख्य समजून लिहू लागला तर दोन वेगळ्या वह्या तयार होतील, मग खरी कोणती? या भीतीपोटी साठ्याची यंत्रं बावचळतात, थांबतात, वाट बघतात. त्या वाट बघण्यात वरचे सर्व्हर उपाशी राहतात. आपल्याकडे जोखडाला दोन बैल का जुंपतात ते ठाऊक आहे, ओढ वाढते म्हणून. पण एक बैल बसला की दुसऱ्याला मोकळं करणारा माणूस मागे असावा लागतो. तो नसेल तर दोन बैलांचा नांगर एका बैलाच्या नांगरापेक्षाही वाईट.

सकाळी ११.०० : ४० मिनिटे

साठा गेला, म्हणजे त्यावर उभं असलेलं एकेक बिऱ्हाड गेलं. निर्देशांक, पाळत ठेवणारी यंत्रणा, समाशोधन आणि सौदापूर्ती, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जोखीम व्यवस्थापन.

आता पेच असा: सौदे जुळत आहेत, पण कोण किती पाण्यात उतरलंय हे दिसत नाही. सावकाराची वही बंद कपाटात अडकली आहे आणि दुकानात उधारीची रांग लागली आहे. दुकान चालू ठेवायचं की शटर ओढायचं? महिन्याच्या शेवटच्या सौद्यांच्या आदल्या दिवशी जोखीम न मोजता बाजार चालवणं म्हणजे समाशोधन संस्थेच्या हमीलाच सुरुंग लावणं.

सकाळी ११.४० : शून्य

शटर ओढलं गेलं. वायदे, ऑप्शन, रोखीचे सौदे, सगळे विभाग बंद. दोन दूरसंचार कंपन्यांकडून वाहिन्यांत अडचण असल्याचं कळलंय, त्याचा परिणाम यंत्रणेवर झालाय आणि दुरुस्ती झाल्यावर व्यवहार पुन्हा सुरू होतील, एवढंच जाहीर झालं. किती वाजता, ते नाही.

एनएसईला हे नवं नव्हतं. १० जुलै २०१७ रोजीही तिथले रोखीचे सौदे तीन तासांहून अधिक काळ अडकले होते. त्या वेळी कारण निराळं होतं, वाट बघणं मात्र तेच.

दुपारी १.०० : बाजाराची वेळ संपायला अडीच तास

आता सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न: चेन्नईचं काय? लांबची जागा याच दिवसासाठी बांधली होती ना? पण व्यवहार चेन्नईला हलवले गेले नाहीत. शेअर बाजारांवर देखरेख करणाऱ्या सेबीने त्याच दिवशी एनएसईला विचारणा केली, त्यात हा प्रश्नही होता: पर्यायी जागेवरून व्यवहार का सुरू केले नाहीत?

बाहेरून हा प्रश्न सोपा वाटतो. आतून बघणाऱ्यापुढे तराजू असतो. मुख्य जागा अर्ध्या तासात उठेल अशी आशा एका पारड्यात, आणि मागे चालणाऱ्या प्रतीवर उडी मारून मधल्या नोंदी जुळवत बसण्याची धास्ती दुसऱ्या पारड्यात. आशेचं पारडं दर अर्ध्या तासाने नव्याने जड होतं. असे अर्धे तास एकामागोमाग एक जातात आणि दुपार सरते. म्हणूनच हा निर्णय त्या दिवशीच्या माणसावर सोडायचा नसतो. किती मिनिटं वाट बघायची, हे शांत दिवशी ठरवून लिहून ठेवायचं असतं.

दुपारी ३.०० : अर्धा तास

या अर्ध्या तासाची झळ सामान्य माणसाला लागली. ज्यांनी सकाळी घेऊन संध्याकाळी विकण्याच्या हिशेबाने एनएसईवर सौदे केले होते, त्यांचे सौदे लटकले. समाशोधन संस्थांमध्ये परस्पर व्यवहाराची सोय असल्यामुळे रोखीचे सौदे दुसऱ्या शेअर बाजारात, बीएसईवर, मिटवता येत होते. काही दलालांनी ग्राहकांचे सौदे तिथे मिटवूनही टाकले. त्यांच्या दृष्टीने दिवस साडेतीनला संपणार होता आणि रात्रभर दुसऱ्याची जोखीम अंगावर घ्यायची नव्हती.

त्याच दुपारी अर्थखात्याकडून बातमी आली: सरकारी कामकाज करण्यावर खासगी बँकांना असलेली मनाई उठली. बँकांच्या शेअरसाठी ही मोठी बातमी, आणि देशातला सर्वांत मोठा बाजार त्या वेळी मुका होता.

दुपारी ३.३० : वेळ संपली, आणि संपली नाही

साडेतीनला थोडा वेळ उरला असताना घोषणा झाली. साडेतीनला बाजारपूर्व सत्र, पावणेचारला बाजार, पाचला बंद. बीएसईनेही वेळ वाढवली. ज्यांचे सौदे तीनच्या सुमारास मिटवले गेले होते, त्यांना ही घोषणा कशी वाटली असेल ते सांगायला नको.

दुपारी ३.४५ ते ५.००

बाजार उघडला तो उसळूनच. बँकांच्या शेअरनी झेप घेतली. बंद होताना बीएसईचा सेन्सेक्स १,०३० अंकांनी वर जाऊन ५०,७८१ वर पोचला होता आणि निफ्टी १४,९८२ वर. चार तासांहून अधिक काळ बंद राहिलेल्या दिवसाचा शेवट दिवाळीसारखा. आकडे बघणाऱ्याला वाटेल, एवढं काय झालं? ज्यांनी दुपारी तीनला विकलं, त्यांना विचारा.

पुढचे महिने : हिशेब

मार्च २०२१ मध्ये सेबीने नियम आवळले. महत्त्वाची यंत्रणा कोलमडली तर अर्ध्या तासात ‘आपत्ती’ जाहीर करायची आणि तिथून ४५ मिनिटांत, गरज पडली तर पर्यायी जागेवरून, काम सुरू करायचं. म्हणजे आशेच्या पारड्याला घड्याळ बांधलं. २०२३ मध्ये एनएसई आणि तिच्या समाशोधन संस्थेने मिळून ७२ कोटींहून अधिक रक्कम भरून सेबीपुढचं हे प्रकरण तडजोडीने मिटवलं. २ मार्च २०२४ च्या शनिवारी, एरवी सुट्टीच्या दिवशी, बाजार मुद्दाम उघडले गेले. एक सत्र मुख्य जागेवरून आणि एक पर्यायी जागेवरून, खऱ्या सौद्यांसह. १ एप्रिल २०२५ पासून तर एनएसई आणि बीएसई एकमेकांचे पर्याय म्हणून उभे राहावेत, अशी व्यवस्था ठरली. धडा पार शेवटच्या टोकापर्यंत नेला: दुसरा हवा तर तो खरोखरच दुसरा हवा, घरसुद्धा वेगळं.

पोशेरा, रात्र : यादी पुन्हा

घटनाक्रम संपला आणि मी माझ्या पहिल्या ओळीकडे आलो. ‘एकसारखे दोन ड्राइव्ह.’ एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून, एकाच महिन्यात बनलेले. आरसा म्हणजे एकावर जे लिहिलं जातं तेच दुसऱ्यावरही. एसएसडीचं, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या ड्राइव्हचं, आयुष्य लिखाणावर मोजतात. दोघांवर लिखाण सारखं, म्हणजे झीजही सारखी. जुळी भावंडं एकाच दिवशी म्हातारी होणार. दोघांना वीज एकाच डब्यातून, डब्याला वीज भिंतीतल्या एकाच सॉकेटमधून, आणि सॉकेटला ज्या तारेतून ती येते ती जव्हार-मोखाड्याच्या पावसात कधी झाडाखाली जाते, कधी विजेने थरथरते. दोन वाहिन्या, एक रस्ता. कुदळ लागेल तेव्हा दोघांना लागेल.

यादी अशी बदलली.

व्हर्च्युअल मशीनसाठी दोन एसएसडी, पण दोन वेगळ्या कंपन्यांचे. चार बिऱ्हाडं एकाच वेळी इकडून थोडं, तिकडून थोडं उपसत असतात. फिरत्या तबकडीची सुई अशा उड्या मारून दमते, एसएसडी दमत नाही. खुद्द सर्व्हरची कार्यप्रणाली वेगळ्या लहान एसएसडीवर, म्हणजे ती बिघडली तरी बिऱ्हाडांचं सामान जागच्या जागी. शक्य असेल तर वीज जाताच हातातलं लिखाण पूर्ण करण्यापुरती ऊर्जा पोटात साठवणारे एसएसडी. साधा ड्राइव्ह ‘लिहिलं’ म्हणतो तेव्हा ते बऱ्याचदा त्याच्या तात्पुरत्या स्मृतीतच असतं. नेमकी तेव्हा वीज गेली तर हिशेबाच्या व्हीएमला वाटतं नोंद झाली, आणि नोंद झालेलीच नसते. म्हणून यूपीएसही हवा, आणि बॅटरी संपत आली की सर्व्हरला आपणहून नीट झोपवणारा.

फोटो आणि स्कॅनसाठी दोन तबकडीचे ड्राइव्ह, नॅससाठी, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक साठ्यासाठी, बनवलेले. हा मुद्दा मला बीकेसीने शिकवला. घरगुती संगणकाचा ड्राइव्ह खराब जागा लागली की ती वाचायचा हट्ट सोडत नाही, मिनिट-मिनिट खटपटत राहतो. एकटा असेल तर तो गुण आहे. जोडीत असेल तर तोच घात, कारण जोडीदाराकडे तीच माहिती शाबूत असताना सगळं घर याच्या खटपटीपायी खोळंबतं. नॅसचा ड्राइव्ह सुमारे सात सेकंदांत हार मानतो आणि म्हणतो, मला जमत नाही, दुसऱ्याला विचारा. मेलेला ड्राइव्ह परवडतो, कण्हत राहणारा परवडत नाही. घेताना आणखी एक विचारायचं: लिखाणाचे पट्टे शेजारी-शेजारी आहेत की कौलांसारखे एकावर एक चढवलेले? चढवलेल्या पट्ट्यांत जागा जास्त मावते, पण एक कौल बदलायचं तर शेजारची रांग उचलावी लागते, आणि नवा ड्राइव्ह लावून जोडी पुन्हा भरताना जीव मेटाकुटीला येतो. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठीच्या काही ड्राइव्हमध्ये असेच पट्टे असल्याचं उघड झालं आणि जगभर ओरड झाली, कारण खोक्यावर ते लिहिलेलंच नव्हतं.

पुढची ओळ मी लाल पेनाने लिहिली: आरसा म्हणजे बियाणं नव्हे. मी चुकून कागदांचा फोल्डर पुसला, तर आरसा तो तितक्याच इमानाने दुसरीकडेही पुसेल. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत असाच एक फोल्डर चुकून पुसला गेला. थकलेल्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचा फोल्डर पुसायची आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांत चूक कळली, तोवर सुमारे ३०० जीबीमधले साडेचार उरले होते. प्रती राखायच्या एकूण पाच रीती त्यांनी मांडून ठेवल्या होत्या. एकही धड चालत नव्हती, आणि ते कोणाला माहीत नव्हतं, कारण रोजची प्रत फसल्याचा निरोप देणारी ईमेलच पोचत नव्हती. सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी सहज काढलेली एक प्रत हाती लागली, तिने कंपनी वाचवली. ती परत चढवायला सुमारे अठरा तास गेले, आणि मधल्या सहा तासांची कामं कायमची गेली.

आपल्याकडे बियाणं खायच्या धान्यात कधी मिसळत नाहीत. कणगीतलं संपलं तरी माळ्यावरच्या गाठोड्याला हात लावायचा नाही, हे पोरांनाही ठाऊक असतं. म्हणून माझं बियाणं वेगळं: एक बाहेरचा ड्राइव्ह, आठवड्यातून एकदा जोडायचा, भरायचा, काढून पत्र्याच्या पेटीत ठेवायचा. केबल काढलेल्या ड्राइव्हपर्यंत ना वीज पोचते, ना माझी चूक. असाच दुसरा ड्राइव्ह दुसऱ्या गावी, नातलगाकडे. इथल्या इंटरनेटवरून एवढे फोटो पाठवत बसलो तर पुढचा पावसाळा येईल, म्हणून तो पिशवीतून एसटीने जाईल आणि आधीचा परत येईल. बाजाराच्या भाषेत सांगायचं तर माझी चेन्नई एक आठवडा मागे चालते. चालू दे. ती माझ्या घरावरच्या विजेला भीत नाही.

शेवटची ओळ खर्चाची नाही, दिवसाची आहे: महिन्यातला एक शनिवार. त्या दिवशी जोडीतल्या एका ड्राइव्हची केबल मुद्दाम काढायची आणि चारही बिऱ्हाडं चालू राहतात का ते बघायचं. मग पेटीतल्या ड्राइव्हवरून एक व्हीएम नव्याने उभं करायचं, त्यातला एखादा सातबारा उघडायचा, आणि सगळ्याला किती मिनिटं लागली ते वहीत लिहायचं. बीकेसीतल्या साठ्याला दुसरा होता, पण दुसऱ्याचा हात सुटला की एकट्याने चालायची वेळ येते, तिची तालीम झाली असती तर मांडणीतली चूक एखाद्या शनिवारीच सापडली असती.

यादी मिटली तेव्हा घरात दुसरं काम चाललं होतं. माळ्यावरून उतरवलेल्या भाताच्या बियाण्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले होते. काही दिवसांनी गोणपाट उलगडायचं आणि किती दाण्यांना कोंब फुटले ते मोजायचं. गाठोडं माळ्यावर आहे एवढ्यावर इथे कोणी पेरणीला निघत नाही. मी वही पुन्हा उघडली आणि पहिल्या शनिवारची तारीख टाकली.